गेममधली माणसं मुकी झाली होती: एका डेस्कटॉपच्या आवाजाचं प्रकरण

"मामा, गेममध्ये आवाजच येत नाही."

आवाजाच्या तक्रारी बहुतेक अशाच एका ओळीत येतात, आणि पुढचे दोन प्रश्न विचारले की ती ओळ खोटी ठरते. काहीच येत नाही का? तर म्युझिक येतं. बंदुकीचा आवाज? तोही येतो, निदान स्वतःच्या बंदुकीचा. मग येत काय नाही? "बोलतात ते येत नाही. ओठ हलतात, खाली सबटायटल पडतं, पण आवाज नाही. कधीकधी लांबून कुठूनतरी घुमल्यासारखं येतं, तेवढंच." आणि गाणी, यूट्यूब, सिनेमे? "ते एकदम ओके."

म्हणजे आवाज येत होता. त्यातला ठरावीक भाग गळत होता. या दोन तक्रारींच्या वाटा पार वेगळ्या. आवाज मुळीच नसेल तर म्यूट, वायर, चुकीचं डिव्हाइस, बंद पडलेली विंडोजची ऑडिओ सर्व्हिस अशा ढोबळ जागा तपासायच्या. काही आवाज येतात आणि काही येत नाहीत, तर त्या दोन गटांत फरक कशाचा आहे हे शोधायचं. सगळं निदान तिथेच दडलेलं असतं.

भाचा सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रूमवर राहतो. डेस्कटॉप त्याने पास होऊन निघालेल्या एका सीनियरकडून घेतला. असेंबल केलेलं मशीन, विंडोज १०, आवाज मदरबोर्डवरचाच, वेगळं साउंड कार्ड नाही. मागच्या बाजूला रंगीत जॅक: हिरवा, गुलाबी, निळा, शिवाय काळा आणि केशरी. कॅबिनेटच्या पुढचा हेडफोन जॅक ढिला झालेला, म्हणून हेडफोन एक्स्टेन्शन वायर लावून मागच्या हिरव्या जॅकमध्ये. मॉनिटर एचडीएमआयवर. नेट यूएसबीच्या वाय-फाय डोंगलवर. हे सगळं मी आधी फोनवर खोदून खोदून विचारून घेतलं. मी पुण्यात, तो सांगलीत. त्याच्या कानात काय पडतंय ते मला ऐकू येणार नव्हतं, त्यामुळे विचारण्याला पर्याय नव्हता. खरं सांगायचं तर आवाजाच्या बाबतीत ही अडचण फायद्याचीच ठरते. समोर बसलं की आपण माउस हातात घेतो आणि सेटिंग बदलत सुटतो.

रूमवरच्या पोरांनी तोवर आपापले उपचार सांगून झाले होते. एकाने गेमच्या फायली तपासायला लावल्या, त्या ठीक निघाल्या. मग गेम पूर्ण काढून पुन्हा उतरवला, त्यात एक रात्र आणि महिन्याच्या नेटचा बराच भाग गेला. मित्राचा हेडफोन लावून पाहिला, तोच प्रकार. ऑडिओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि आवाजाची चिप यांच्यातला दुभाषा प्रोग्राम, काढून परत टाकला, फरक नाही. "सरळ फॉरमॅट मार" असा निकाल बहुमताने झाला होता. आणि कॉम्प्युटरच्या दुकानदाराने सांगितलं होतं की बोर्डवरचा साउंड गेलाय, यूएसबी हेडसेट घे नाहीतर साउंड कार्ड टाक.

गाणं आणि गेम यांच्यातला फरक

आवाजाची वाट अशी असते: गेमच्या फायली, त्यातले शेकडो आवाज एकत्र मिसळणारं गेमचं इंजिन, मग विंडोजचं ऑडिओ इंजिन, ड्रायव्हर, बोर्डवरची चिप, जॅक, वायर, कान. गाणं नीट ऐकू येतं म्हणजे विंडोजपासून कानापर्यंतची वाट मोकळी आहे, बिघाड गेममध्येच असणार, असा तर्क पोरांनी केला होता. तर्क वाईट नाही. त्यात एकच गोष्ट निसटली: गाणं आणि गेम त्याच रस्त्याने जात असले तरी सारखंच सामान घेऊन जात नाहीत. गाणं दोन चॅनलचं असतं, डावा आणि उजवा. गेम मात्र सुरू होताना विंडोजला विचारतो, "तुझ्याकडे किती स्पीकर आहेत?" आणि जे उत्तर मिळेल तेवढ्या चॅनलांत आवाज वाटतो. उत्तर दोन आलं तर दोनांत, सहा आलं तर सहांत.

सहा म्हणजे ५.१: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचे दोन, आणि खर्जासाठी सबवूफर. सिनेमावाल्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलंय की संवाद मधल्या स्पीकरमधून द्यायचे, म्हणजे प्रेक्षक कुठल्याही खुर्चीत बसला तरी शब्द पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. गेम बनवणाऱ्यांनी हा रिवाज उचलला. कथेच्या प्रसंगांत संवाद बहुतेक वेळा मधल्या चॅनलला बांधलेले असतात. खेळताना समोर उभं असलेलं पात्र बोललं तरी त्याचा आवाज मधल्याच स्पीकरकडे जातो, कारण ते बरोबर समोर आहे.

आता विंडोजची समजूत सहा स्पीकरची असेल आणि प्रत्यक्षात हिरव्या जॅकमध्ये फक्त हेडफोन असेल तर? हिरव्या जॅकमधून फक्त पुढचा डावा आणि पुढचा उजवा बाहेर पडतात. मागचे दोन काळ्या जॅकमधून, मधला आणि सबवूफर केशरी जॅकमधून. सहा पानं वाढायची आणि पंगतीला दोघंच बसवायचे, असला प्रकार. गाणं दोनच पानांवर वाढलेलं असतं, तो बघायचा ते सिनेमेही तसेच असणार, म्हणून त्यांचं काही बिघडत नाही.

ही शंका मला "लांबून घुमल्यासारखं" या शब्दांवरून आली. खोलीचा, बोळाचा, गुहेचा घुमारा गेम वेगळा तयार करतो आणि तो सगळ्या चॅनलांत थोडाथोडा पसरतो. मूळ शब्द मधल्या चॅनलसोबत गळून गेला तरी त्याचा घुमारा डाव्या-उजव्यात शिल्लक राहतो. आवाज नुसता बारीक झाला असता तर शब्द आणि घुमारा दोन्ही सारखेच बारीक झाले असते. इथे शब्द गेले होते आणि सावली मागे राहिली होती.

पण शंकेवर सेटिंग बदलायचं नाही असा माझा शिरस्ता आहे, कारण बदलल्यावर बरं झालं की का बरं झालं हे कुणी विचारत नाही. म्हणून त्याला आधी एक प्रयोग सांगितला. गेममध्ये असं पात्र शोध जे एका जागी उभं राहून सारखं बडबडत असतं. बाजारातला दुकानदार चालेल. त्याच्या समोर उभा राहा, हलू नकोस, आणि फक्त माउसने हळूहळू स्वतःभोवती पूर्ण गोल फिर. कुठल्या कोनात काय ऐकू येतं ते बोलत राहा.

"समोर आहे. नाही येत... थोडा उजवीकडे वळलो... अरे, आला! डाव्या कानात, एकदम मोठ्याने! अजून वळतो... कमी होतोय... कमी... गेला. आता पाठ आहे त्याच्याकडे. काहीच नाही. अजून... अजून... आला, आता उजव्या कानात. आता परत समोर... गेला."

यापेक्षा स्वच्छ पुरावा मला नको होता. ५.१ च्या प्रमाणित मांडणीत पुढचे दोन स्पीकर मधल्यापासून सुमारे ३० अंशांवर असतात आणि मागचे ११० अंशांच्या आसपास. भाच्याच्या कानाला एका पूर्ण गोलात दोनच ठिकाणी आवाज मिळाला, समोरून थोडं डावीकडे आणि थोडं उजवीकडे. तिथेच जिवंत स्पीकर होते. मधला मेलेला, मागचे दोन्ही मेलेले. गेममधल्या एका दुकानदारासमोर स्वतःभोवती फिरून पोराने आपल्या हेडफोनचा नकाशा काढला होता.

मग त्याला आपोआपच दुसरी गोष्ट सुचली. ऑनलाइन गेममध्ये तो बरेच दिवस मागून येणाऱ्याच्या हातून मरत होता. पाऊल वाजत नाही, गोळीचा आवाज नाही, थेट खेळ खल्लास. मित्र म्हणायचे, तुझं लक्ष नसतं. मागच्या माणसाची पावलं अर्थातच मागच्या चॅनलांत जात होती, म्हणजे काळ्या जॅकमधून हवेत. स्फोटांचा खर्जही केशरी जॅकमध्ये अडकला होता. तो मात्र त्याच्या ध्यानात आला नव्हता. मुळात ऐकलाच नसेल तर चुकल्यासारखं वाटणार कसं?

पडताळणी सोपी होती. विंडोजचं जुनं कंट्रोल पॅनल, त्यात साउंड, तिथे आपलं डिव्हाइस निवडून खालचं 'कॉन्फिगर' बटण. यादीत ५.१ सराउंड निवडलेलं होतं. तिथल्याच चाचणीत चित्रातल्या एकेका स्पीकरवर क्लिक केलं की घंटी वाजते. पुढच्या दोघांवर वाजली, बाकी चौघांवर शांतता. 'स्टीरिओ', म्हणजे दोनच चॅनल, निवडलं. लगेच गेममध्ये जाऊन "काही नाही झालं" असा निरोप आला, तोही अपेक्षित होता. बरेच गेम स्पीकरची विचारपूस फक्त सुरू होताना करतात. गेम बंद करून उघडला आणि माणसं बोलायला लागली.

हे सेटिंग आलं कुठून? सीनियरकडे पाच स्पीकर आणि एक डबा असा संच होता. तीन पिना मागे लावलेल्या, हिरवी, काळी, केशरी. त्याने संच एकाला विकला आणि मशीन दुसऱ्याला. विंडोज तेच राहिलं आणि त्याच्या लेखी सहाही स्पीकर अजून जागेवर होते. ड्रायव्हर काढून परत टाकूनही हे गेलं नव्हतं.

चुकीचे उपचार, बरोबर परिणाम

या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग हा आहे की रूममित्र आणि दुकानदार यांचे उरलेले सल्ले बहुधा लागू पडले असते.

फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं असतं तर साधारणपणे स्टीरिओच येतं. माणसं बोलली असती, आणि "विंडोज करप्ट झालं होतं" हे रूमवर कायमचं सिद्ध झालं असतं. साधा यूएसबी हेडसेट घेतला असता तर विंडोजला तो वेगळं, दोन चॅनलचं डिव्हाइस म्हणून दिसला असता. माणसं बोलली असती, "बोर्डवरचा साउंड गेला होता" हे सिद्ध, दुकानदार बरोबर, आणि पुढे मशीन विकताना किंमत त्या हिशेबाने कमी. ब्लूटूथवरही तेच झालं असतं. प्रत्येक उपायाने तक्रार मिटली असती आणि प्रत्येकाने मागे एक वेगळी, आत्मविश्वासाने सांगायची थाप ठेवली असती. गेमच्या आवाजाबद्दल जे तोडगे तोंडोतोंडी फिरतात त्यातले कितीतरी असेच जन्मतात. तोडगा खरा असतो, कारण खोटं असतं. म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर तो चालत नाही आणि मग भांडणं.

दुकानदाराला मी अडाणी म्हणणार नाही. साउंड कार्डाचा सल्ला एका काळी अगदी योग्य होता. १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि २००० नंतर काही वर्षं गेममधला आवाज मिसळायचं, तो दिशेने फिरवायचं आणि घुमारा लावायचं काम कार्डावरची चिप करायची. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टसाउंड थ्रीडी आणि क्रिएटिव्ह कंपनीचं ईएएक्स ही त्या काळची नावं. चांगलं कार्ड असलेल्याला बोळातला घुमारा ऐकू यायचा, नसलेल्याला यायचा नाही, इतका उघड फरक. ३० जानेवारी २००७ ला विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आलं आणि त्यात ऑडिओची रचना नव्याने केलेली होती. डायरेक्टसाउंडला थेट कार्डाच्या चिपपर्यंत नेणारा रस्ता काढून टाकला गेला. मिसळण्याचं काम सीपीयूकडे, म्हणजे मुख्य प्रोसेसरकडे आलं. तेव्हापासून त्या रस्त्याने जाणारे जुने गेम नव्या विंडोजवर चालवले की 'हार्डवेअर साउंड'चा पर्याय राखाडी पडलेला दिसतो आणि घुमारा गायब असतो. क्रिएटिव्हने आपल्या कार्डांसाठी आल्केमी नावाचा प्रोग्राम काढला, जो जुन्या गेमच्या या मागण्या ओपनएएल नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेकडे वळवतो, कारण ओपनएएल व्हिस्टातही कार्डाशी थेट बोलू शकत होतं. भाच्याकडे वडिलांच्या आवडीचा असा एक जुना गेम होता आणि त्यात हाच राखाडी पर्याय होता. तो दोष त्याच्या मशीनचा नव्हे, एवढं सांगून मी तो विषय बाजूला ठेवला. आजचे गेम मात्र स्वतःचं मिश्रण स्वतः करतात. त्यांना कार्डाने नवं काही मिळत नाही. हेडफोन भारी असेल तर थोडी स्वच्छता आणि जोर मिळतो, तो वेगळा मुद्दा.

कडकड

माणसं बोलायला लागली आणि थोड्याच दिवसांत पुढची तक्रार आली: आवाजात कडकड येते, मध्येच तुटतो. "ते स्टीरिओ केलं म्हणून झालं असेल का?"

नाही, पण प्रश्न बरोबर होता. एक बदल केल्यावर दुसरी गोष्ट दिसली की त्यांचा संबंध नाही हे आधी पक्कं करावं. त्याला पुन्हा ५.१ करून पाहायला सांगितलं. कडकड तशीच. मग पिन हलवून बघितली: खरखर हाताबरोबर कमीजास्त झाली असती तर वायर किंवा जॅक. तसं नव्हतं. माउस फिरवताना किंवा ग्राफिक्स कार्डावर ताण आला की गुणगुण बदलते का? तेही नाही, बदलली असती तर विजेचा उपद्रव. ही कडकड कोरडी होती, आवाजाचा छोटा तुकडा कापून काढावा तशी, आणि गेम बंद करून नुसतं गाणं लावलं तरी अधूनमधून येत होती. गेम त्या क्षणी संशयातून सुटला.

"कधी जास्त येते?" यावर त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, रात्री. रात्री काय वेगळं असतं? रात्री तो डाउनलोड लावून ठेवतो.

इथे थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागतं. विंडोजचं ऑडिओ इंजिन सर्वसाधारणपणे दहा-दहा मिलिसेकंदांच्या घासांत काम करतं. सेकंदाला ४८,००० नमुने (आवाजाची एकेका क्षणाची मापं) धरले तर एका घासात ४८० नमुने. पुढचा घास वेळेत तयार नसेल तर चिपला द्यायला काही नसतं आणि कानाला 'टक्' ऐकू येतं. घास उशिरा का तयार होतो? सीपीयू पूर्ण थकलेला असेल तर होतोच. पण तो निवांत दिसत असतानाही होऊ शकतो, कारण नेटवर्क, ग्राफिक्स, यूएसबी यांचे ड्रायव्हर मधूनच सीपीयूला थांबवून आपलं तातडीचं काम पुढे घुसवतात. या कामांना डीपीसी म्हणतात. असं एक काम १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये, अशी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टची सूचना आहे. सगळे ड्रायव्हर ती पाळत नाहीत. एखादा काही मिलिसेकंद अडून बसला की ज्याची वेळ टळते तो आवाज. टास्क मॅनेजरमध्ये यातलं काही दिसत नाही. तिथे सीपीयू वीस टक्क्यांवर डुलक्या घेत असतो, म्हणूनच लोक चक्रावतात.

लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम कुठला ड्रायव्हर किती वेळ अडून बसला ते दाखवतो. त्याच्या यादीत नेटवर्कची फाइल वर आली. तरी यादी म्हणजे साक्षीदार, गुन्ह्याची कबुली नव्हे. नेटवर्कच्या त्या सामाईक फाइलच्या नावावर तिच्या आधाराने चालणाऱ्या कुठल्याही नेटवर्क ड्रायव्हरचं पाप जाऊ शकतं. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय डोंगल बंद करायला लावलं आणि नेट न लागणारा गेम खेळायला सांगितला. कडकड बंद. डोंगल चालू, डाउनलोड चालू, कडकड हजर. बंद, चालू, असं आलटून पालटून झाल्यावर मी मान्य केलं. डोंगलसोबत आलेल्या सीडीवरचा ड्रायव्हर काढून विंडोज अपडेटकडचा घेतला तेव्हा बरंच कमी झालं, पण पूर्ण नाही. शेवटी राउटरपासून दाराच्या चौकटीवरून लॅनची वायर ओढली आणि डोंगल काढून ठेवला. घरमालकांची परवानगी काढायला जितका वेळ गेला तितका निदानालाही गेला नव्हता.

मधल्या काळात त्याने कुठूनतरी ऐकून आवाजाचा दर, म्हणजे सेकंदाला किती नमुने तो आकडा, १,९२,००० हर्ट्झ करून ठेवला होता, "क्वालिटी वाढते" म्हणून. सामाईक मार्गाने जाणारा प्रत्येक आवाज विंडोज त्या एका दरात बदलून घेतं. गेमचे आवाज साधारण ४८,०००चे, गाण्याच्या सीडीचे ४४,१००चे; त्यांना १,९२,००० मध्ये ताणल्याने नवीन काही त्यात येत नाही, फक्त काम वाढतं. परत ४८,००० केला. कडकडीवर त्याचा परिणाम झाला नाही, पण उगाच का ठेवायचा.

उरलेलं किडूकमिडूक

मित्रांशी कॉलवर बोलत खेळताना गेमचा आवाज एकदम बसतो, ही तिसरी तक्रार. हे विंडोजचं स्वतःचं सौजन्य आहे. साउंडमध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे आणि तिथे मुळात कॉल चालू असताना बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचं ठरलेलं असतं. 'काहीच करू नको' निवडलं, संपलं.

कधीकधी तो ब्लूटूथचे इअरबड लावतो तेव्हा कॉल सुरू होताच गेम जुन्या टेलिफोनवर चालल्यासारखा होतो. इअरबड खराब नाहीत. ब्लूटूथवर उत्तम स्टीरिओ नेणारी नेहमीची पद्धत एकाच दिशेची आहे. त्यात माइकला जागा नाही. माइक उघडला की जोडणी हँड्स-फ्री पद्धतीवर जाते, जी बोलण्यासाठी बनवलेली आहे: एकच चॅनल, साधारणपणे ८,००० किंवा १६,००० हर्ट्झ. ड्रायव्हर बदलून यातून सुटका नाही. ऐकायला इअरबड आणि बोलायला दुसरा माइक निवडला की भागतं. त्याने वेबकॅमचा माइक निवडला. मित्रांना पंखा ऐकू येतो म्हणे, तो त्यांचा प्रश्न.

ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केल्यावर एके दिवशी खरोखरच काही ऐकू येईना, तेव्हा त्याने फोन केला नाही. एचडीएमआयच्या वायरीतून आवाजही जातो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्यासाठी आपलं ऑडिओ डिव्हाइस बसवतो. अपडेटनंतर तेच मुख्य होऊन बसलं होतं आणि आवाज मॉनिटरकडे जात होता, ज्याला स्पीकरच नाहीत. त्याने घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावरून ते बदललं. एक गेम तरी मुकाच राहिला, तेव्हा मात्र मेसेज आला. विंडोज १० मध्ये २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून प्रत्येक ॲपला वेगळं आउटपुट नेमता येतं, आणि आधीच्या कुठल्याशा खटपटीत त्या गेमला मॉनिटर नेमून ठेवला गेला होता. हे नेमणं एकदा केलं की टिकून राहतं. त्या पानावर खाली 'रीसेट' आहे.

एक गोष्ट मी त्याला आपणहून बजावली. हेडफोनवर दिशेचा भास निर्माण करणारी सोय विंडोजमध्येही आहे आणि कित्येक गेममध्येही. दोन्ही एकदम चालू ठेवायच्या नाहीत. एकाने हेडफोनसाठी तयार केलेल्या आवाजावर दुसरा पुन्हा तीच क्रिया करतो आणि पावलं कुठून येताहेत ते कळेनासं होतं. स्पर्धेचा गेम असेल तर गेममधली 'हेडफोन' ही निवड ठेवून विंडोजची बंद करावी, असं माझं मत. काही जण उलट करतात. गेममधल्या दुकानदारासमोर स्वतःभोवती गोल फिरून बघावं आणि आपल्या कानाने ठरवावं.

दिवाळीला भाचा घरी आला होता. ताई टीव्हीवर सिनेमा बघत होती आणि वैतागली होती: गाण्यांनी घर दणाणतं आणि माणसं बोलायला लागली की कुजबुज. ती मला विचारत होती, पण उत्तर भाच्याने दिलं. रिमोट घेऊन भाषांची यादी उघडली, तिथे मराठीच्या दोन ओळी होत्या, एकीपुढे ५.१ लिहिलेलं होतं आणि तीच चालू होती. त्याने दुसरी निवडली आणि विचारलं, "आई, आता?"

"हां, आता बोलतायत. आणि ते स्पीकर कशाला हलवतोस तू?"

कपाटामागे मधल्या स्पीकरची वायर निघालेली होती.